झोपेचे तास कोणी मोजावेत?

१ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानात नवी प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ या नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. ज्या गिरण्यांनी आपली घड्याळे नव्या वेळेला लावली, तिथला सकाळचा भोंगा सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटे आधी वाजू लागला. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी या बदलाला विरोध केला. पुढे मुंबई महापालिकेने जुनी ‘मुंबई वेळ’ कित्येक वर्षे धरून ठेवली. इतिहासकार या प्रकरणाकडे बहुधा परकी सत्ता विरुद्ध शहराचा स्वाभिमान अशा नजरेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण गिरणीकामगाराच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. त्या ३९ मिनिटांची किंमत त्याने झोपेतून मोजायची होती.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण गिरणी नाही. कारण आहे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मुलामुलींची झोप. मी शहापुरात राहतो. गेल्या काही वर्षांत शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली मुले ॲनिमेशन, प्रोग्रॅमिंग, गेम टेस्टिंग अशा कामांसाठी ठाणे, ऐरोली, अंधेरीकडे जाऊ लागली आहेत. काही जण घरूनच काम करतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला काळजीने विचारले, “पोरगा रात्रभर गेम खेळतो आणि दुपारी बारापर्यंत झोपतो. व्यसन सुटायला कुठे न्यावं?” चौकशी केल्यावर कळले की पोरगा गेम खेळत नव्हता. तो नोकरी करत होता. परदेशी कंपनीच्या गेममधल्या चुका शोधण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्या कंपनीचा दिवस म्हणजे आपली रात्र.

वडिलांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान दिले आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. तेव्हापासून गेम आणि मन यांचा विषय निघाला की आपल्याला खेळणारा आठवतो. बनवणारा आठवत नाही. खेळणाऱ्याच्या आधी बनवणाऱ्याची झोप जाते, हे लक्षात यायला मला जुन्या कारखाना कायद्यांची कागदपत्रे उपयोगी पडली.

सूर्यास्ताची हद्द

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. ‘दीनबंधु’चे संपादन करणाऱ्या या माणसाने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर आश्चर्य वाटते, इतक्या त्या माफक आहेत. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अपघातात जखमी झालेल्याला आधार, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त.

यातला ‘सूर्यास्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कामगारांनी तासांचा आकडा मागितला नव्हता. निसर्गाने घातलेली हद्दच त्यांनी मागितली होती. अंधार पडला की सूत दिसत नाही, मग साचे थांबणार आणि माणूस चाळीतल्या खोलीवर जाणार. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. दिवसाच्या शेवटाची राखण मात्र सूर्याकडेच राहिली.

कायदा तोवर कुठे होता? १८८१चा पहिला कारखाना कायदा फक्त मुलांसाठी होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही. १८९१च्या कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषाच्या तासांबद्दल दोन्ही कायदे गप्प होते. तो आपले भले-बुरे जाणतो, त्याने मालकाशी हवा तो करार करावा, अशी त्यामागची भूमिका होती.

दिवा आला, मर्यादा आली नाही

१९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे मोठ्या प्रमाणावर लागले. कापडाला मागणी होती, नफा होता आणि आता अंधाराची अडचण उरली नव्हती. कामाचा दिवस चौदा तासांवर आणि काही ठिकाणी त्याच्याही पुढे गेला. त्या वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’नेच या लांबलेल्या तासांवर टीकेची झोड उठवली. सरकारने १९०६ मध्ये समिती नेमली, पाठोपाठ १९०७ मध्ये मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि १९०८ मध्ये आयोगाचा अहवाल आला.

हा अहवाल मुळातून पाहण्यासारखा आहे. तास जास्त आहेत हे आयोगाने नाकारले नाही. तरीही प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट कायद्याने बंधन घालायला बहुमत तयार नव्हते. चौदा ते सतरा वयाच्या ‘तरुणां’साठी बारा तासांची मर्यादा घालू, त्यांच्यावाचून गिरणी चालत नाही, म्हणजे मोठ्यांचे तासही आपोआप कमी होतील, असा आडवळणाचा मार्ग बहुमताने सुचवला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्न मतपत्रिका जोडली. ते पेशाने डॉक्टर होते. मोठ्या माणसाच्या शरीरालाही कायद्याचे संरक्षण थेटच हवे, असे त्यांचे म्हणणे. अखेर १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली.

पुढचा क्रम असा. १९२०च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२च्या कायद्याने आठवड्याला ६० तास, १९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना ५४ तास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ४८ तास झाले आणि १९४८च्या कायद्यात तेच कायम राहिले. लोखंड्यांच्या निवेदनापासून ४८ तासांपर्यंत यायला ६२ वर्षे लागली.

मुंबईच्या या जागरणाचा आमच्या तालुक्यांशी संबंध पूर्वीपासूनचा आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले आणि शहापूरचे पाणी शहराला मिळू लागले. टाटांची जलविद्युत खोपोलीहून १९१५ पासून आणि मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीहून १९२२ पासून मुंबईला जाऊ लागली. १९४२च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने नेमके या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. मुंबई रात्रीही चालते ती कोणत्या तारेवर, हे डोंगरातल्या माणसांना चांगले ठाऊक होते.

‘क्रंच’ म्हणजे काय

आता गेमच्या धंद्याकडे येऊ. गेम बाजारात आणण्याची तारीख वर्ष-सहा महिने आधी जाहीर होते. जाहिरातीचा खर्च त्या तारखेला बांधलेला असतो. पण गेम हे पुलासारखे आराखड्यावरून बांधायचे काम नाही. एखादा टप्पा खेळून पाहिल्यावर कंटाळवाणा वाटला तर तो पुन्हा करावा लागतो आणि तो कंटाळवाणा आहे हे करून झाल्यावरच कळते. एक चूक दुरुस्त केली की दुसरीकडे दोन निघतात. काम वाढत जाते, तारीख हलत नाही. मग उरलेले काम माणसांच्या रात्रींत कोंबले जाते. या अखेरच्या आठवड्यांना किंवा महिन्यांना धंद्यात ‘क्रंच’ म्हणतात.

त्याची जगभर चर्चा झाली ती नोव्हेंबर २००४ मध्ये. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीतल्या एका प्रोग्रॅमरच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्र प्रसिद्ध केले. सातही दिवस, सकाळी नऊ ते रात्री दहा काम, क्वचित शनिवारी संध्याकाळी सुटका, वाढीव तासांचा मोबदला नाही, असे त्यात होते. तिचे नाव एरिन हॉफमन, हे नंतर उघड झाले. कंपनीविरुद्धचे दोन दावे १ कोटी ५६ लाख आणि १ कोटी ४९ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. साक्ष दिली ती घरच्या माणसाने. कोण किती झोपले, हे कंपनीच्या हजेरीत कुठेच नसते. ते घरात माहीत असते.

आपल्याकडेही हा धंदा आता नवा राहिलेला नाही. बंगळुरूत ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ १९९७ मध्ये आणि मुंबईत ‘इंडियागेम्स’ १९९९ मध्ये सुरू झाली. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यात आणि २०१८ मध्ये मुंबईत स्टुडिओ उभारला. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये जगभर खेळला गेला. पण आपल्याकडचे बरेचसे काम दुसऱ्यांच्या गेमचे आहे. चित्रे, चाचण्या, दुरुस्त्या. तारीख तिकडे ठरते आणि रात्र इकडे जाते.

या धंद्यात एक नवी सबबही तयार झाली. शंभर वर्षांपूर्वी मालक म्हणत, कामगार गिरणीत रेंगाळतो, विडी ओढायला जातो, म्हणून तास जास्त असले तरी बिघडत नाही. आज म्हणतात, या मुलांना गेमचे वेडच आहे, ती आवडीने थांबतात. पहिल्यात कामगाराला आळशी ठरवले, दुसऱ्यात त्याची स्तुती केली. दोन्हींचा परिणाम एकच, तास कोणी मोजायचे नाहीत.

आणि जागरणाने काम चांगले होते का? पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने आपल्या मोठ्या गेमसाठी सक्तीचा क्रंच टाळू असे २०१९ मध्ये सांगितले होते. सप्टेंबर २०२० मध्ये आठवड्याला सहा दिवस काम सक्तीचे झाले. १० डिसेंबरला ‘सायबरपंक २०७७’ बाजारात आला तो इतक्या चुकांसह, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला.

सोलचे दीपगृह

१८८१ आणि १९११ या दोन कायद्यांमधले अंतर समजून घ्यायचे तर आजचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तिथे २०११ मध्ये ‘शटडाउन’ कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम खेळायला बंदी. हेतू सरळ होता, मुलांची झोप वाचवणे.

त्याच काळात सोलच्या गुरो भागातल्या नेटमार्बल या गेम कंपनीच्या इमारतीला लोक ‘गुरोचे दीपगृह’ म्हणू लागले होते, कारण तिथले दिवे रात्रभर मालवत नसत. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथल्या समूहातला विशीतला एक डेव्हलपर मरण पावला आणि पुढच्या वर्षी सरकारी यंत्रणेने तो मृत्यू अतिश्रमाशी निगडित, म्हणजेच कामावरचा अपघात मानला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने रात्रीचे आणि सुट्टीच्या दिवसांचे काम बंद करण्याचे जाहीर केले. जुलै २०१८ पासून देशात आठवड्याला ५२ तासांची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नेक्सॉनमध्ये गेम कंपनीतली पहिली कामगार संघटना उभी राहिली. मुलांसाठीचा शटडाउन कायदा २०२२ च्या सुरुवातीला रद्द झाला.

म्हणजे गेम खेळणाऱ्या मुलाला रात्री झोपवण्याचा कायदा आधी आला आणि तो गेम रात्री जागून बनवणाऱ्याकडे कायद्याचे लक्ष सात वर्षांनी गेले. मुंबईत हाच क्रम होता. मूल, मग बाई, सर्वांत शेवटी प्रौढ पुरुष. समाजाला दुबळ्याची दया लवकर येते. धडधाकट दिसणाऱ्याच्या थकव्याची दखल, बहुतेक वेळा काहीतरी वाईट घडल्यावरच घेतली जाते.

झोप न मिळाल्याने नेमके काय होते

ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात-नजरेची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहाला संगणकापुढे बसलेला माणूस दारू न पिता त्या मर्यादेच्या पुढे गेलेला असतो.

दुसरा प्रयोग २००३ चा, पेनसिल्व्हेनियाचा. लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. आपण ठीक आहोत असे मात्र त्यांना वाटत राहिले. “मला सवय झालीय” हे वाक्य म्हणूनच पुरावा धरता येत नाही. मनाच्या बाबतीत, निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून निघाले. आणि आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितले.

दिवसा झोपून भरपाई होईल, असे घरचे म्हणतात. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. शिवाय आमच्याकडची घरे पाहा. वर पत्रा, एप्रिलमध्ये अकराच्या पुढे भट्टी, स्वयंपाकाची भांडी, लग्नसराईचा बँड. रात्रपाळीच्या माणसाला काळोख आणि शांतता गावात विकतही मिळत नाही.

आमच्या तालुक्यांचा हिशोब

आपल्या माणसांना जागरणाची सवय आहे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. भाताची, नाचणीची राखण करायला शेतातल्या माळ्यावर रात्री काढणारी माणसे इथलीच. भजन आणि वारली पाड्यांवर तारप्याभोवतीचा नाच रात्रभर चालतो. हे सगळे खरे आहे. पण राखण हंगामापुरती असते आणि उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी गाव उशिरा उठते. ज्या जागरणाला अशी दुसऱ्या दिवसाची मोकळीक नाही, ते वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाचे. ऊन टाळायला ती मध्यरात्रीनंतरच विटा पाडायला उठतात. त्याला सवय म्हणणे हा निष्ठुरपणा होईल. गेमवाल्या मुलाचे जागरण जातकुळीने या दुसऱ्या प्रकारात बसते, त्याचा पगार कितीही बरा असला तरी.

आता तास मांडून पाहू. कसारा ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १२१ किलोमीटर, लोकलने अडीच तासांच्या वर. मुरबाडला तर रेल्वेच नाही. एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, मग ऐरोली. जायला-यायला रोजचे पाच तास धरा. नऊ तासांच्या नोकरीनंतर दहा तास उरतात आणि जेवण, आंघोळ, घरची कामे यांचे किमान दोन-तीन वजा केले तर झोपेला सात-आठ. हा चांगला दिवस. क्रंच सुरू होऊन काम बारा तासांवर गेले, की उरतात सात. त्यातले दोन वजा जाता झोपेला पाच. मग लोकलमध्ये खांबाला टेकून डुलकी, नाहीतर शेवटची गाडी चुकली म्हणून ऑफिसातच बॅग उशाला घेऊन रात्र.

२०२० नंतर घरून काम आले तेव्हा हे पाच तास वाचतील असे वाटले होते. काही जणांचे वाचलेही. पण दाराबाहेरची हजेरी गेली, तसा दिवसाचा शेवटही गेला. लोखंड्यांच्या मागणीतला सूर्यास्त विजेच्या दिव्याने पुसला होता. ऑफिसातून उठून घरी येण्याची जी हद्द नंतर तयार झाली, ती लॅपटॉपने पुसली.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने (२०१७) दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दैनिक मर्यादा आस्थापनांत नऊवरून दहा आणि कारखान्यांत नऊवरून बारा करण्याला मंजुरी दिली. १९११ मध्ये बारा तास हा विजय होता. तोच आकडा ११४ वर्षांनी उलट्या दिशेने चालत आला आहे.

युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशात एक वेगळी मोजणी आहे. तिथे कामाच्या तासांबरोबर विश्रांतीचे तासही मोजतात. दोन कामांच्या मध्ये सलग अकरा तास मोकळे हवेत. गेमच्या धंद्याला ही मोजणी जास्त लागू पडते, कारण काम सुरू कधी झाले हे कोणी विचारत नसले तरी शेवटचा निरोप रात्री किती वाजता आला हे यंत्रात नोंदलेले असते. पण आमच्या हिशोबात तेही पुरत नाही. अकरातून प्रवासाचे पाच गेले, उरले सहा. जेवण-आंघोळीचे दोन काढले की झोपेला चार. मुंबईत राहणाऱ्यासाठी आखलेली मर्यादा खर्डी-टोकावड्याच्या माणसाला पोहोचेपर्यंत अर्धी होते. म्हणून इथल्या मुलांसाठी मागायचे असेल तर ते असे मागावे लागेल: विश्रांतीचे तास घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मोजा, रात्रपाळी ठरावीक आठवड्यांपुरती ठेवा, तिच्यानंतर पुरेशी सुट्टी द्या आणि काम वाढले तर तारीख हलवा.

तोपर्यंत घरच्यांनी करण्यासारखे थोडे आहे, पण आहे. दुपारी झोपलेल्या मुलाला आळशी किंवा व्यसनी म्हणण्याआधी त्याची पाळी विचारा. खोलीला जाड पडदा लावा. तो आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, चिडत असेल, गप्प झाला असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आणि एक वही ठेवा. कधी निघाला, कधी आला, किती झोपला. लोखंड्यांच्या निवेदनाला ५,५०० सह्यांचा आधार होता. या मुलांच्या मागणीला आज ना सह्या आहेत ना आकडे, आणि झोपेचे आकडे फक्त घरातच लिहिले जाऊ शकतात.